गुरांच्या हौदातली बाटली

आमच्या वहिनीला गावात सगळे बाटलीबाई म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, ही दारू विकत असेल. एका पाहुण्याने तर एकदा दारात येऊन हळूच तशी चौकशीही केली होती आणि दादाने त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. वहिनीच्या बाटल्या बोटभर उंचीच्या, काचेच्या, आत औषध लावलेली कागदाची पट्टी असलेल्या. रेघेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि दोन दिवस उबेला ठेवायचं. पाण्यात घाण असेल तर बाटली काळी पडते, पाणी चांगलं असेल तर आहे तशी राहते. शास्त्र एवढंच, पण वहिनीने ते अठरा वर्षं कधी सैल पडू दिलं नाही.

मी तिचा धाकटा दीर, गावच्या कचेरीत कारकून. गावातून वर जाणारा प्रत्येक अर्ज माझ्या अक्षरात जातो. तेव्हा पुढे जे सांगणार आहे, त्यातही माझं अक्षर आहे हे आधीच सांगून टाकतो. जगाला नावं ठेवून स्वतः नामानिराळं राहणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे, आणि अलीकडे आरशात बघतानाही तो येतो.

आमचं गाव उतारावर वसलेलं. खाली ओढा आणि ओढ्याच्या पलीकडे एका खडकातून झरा येतो. झऱ्यापासून गावात यायला एकशे बत्तीस पायऱ्या. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा त्या झऱ्याची दशा बघवत नव्हती. वरच्या उतारावर गुरं चरायची, झऱ्याच्या तोंडाशीच कपडे धुतले जायचे, आणि सकाळी माणसं त्याच उतारावर आडोशाला बसायची. एका वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. निम्मं गाव आडवं झालं. आमची आई तीन दिवसांत गेली. शेवटच्या दिवशी ती पाणी पाणी करत होती आणि आम्ही तिला तेच पाणी चमच्याने पाजत होतो.

नंतर सरकारच्या पाणी खात्याची माणसं आली, त्यांनी भुकटी टाकली, बाटल्या वाटल्या आणि विचारलं, ही तपासणी कोण करेल. मानधन इतकं कमी होतं की कुणीच पुढे येईना. वहिनी आली. तिने शिकून घेतलं, नोंदींची वही सुरू केली आणि मग एका वेड्या हट्टाने झऱ्याच्या मागे लागली. वरच्या उतारावर तिने पांढरे दगड रचून एक लांबलचक ओळ केली. त्या ओळीच्या आत गुरं नाहीत, चपला नाहीत, साबण नाही. सुरुवातीला लोकांनी तिची टिंगल केली. कुणी मुद्दाम शेळी आत सोडायचं, कुणी दगड लाथाडायचं. ती शेळी बाहेर काढायची, लेंड्या वेचायची, दगड पुन्हा जागेवर ठेवायची आणि ज्याची शेळी त्याच्या दारात जाऊन उभी राहायची. बोलायची काही नाही. तसं कुणी दारात उभं राहिलं की माणूस किती वेळ जेवू शकतो? दोन वर्षांत गाव ताळ्यावर आलं. त्यानंतर तिच्या बाटल्या कधी काळ्या पडल्या नाहीत. दर महिन्याला चुलीजवळच्या फळीवर लोकरी टोपीत गुंडाळून ती बाटली ठेवायची, दोन दिवसांनी उजेडात धरायची आणि वहीत लिहायची, झरा, चांगला. सोळा वर्षं एकच शब्द.

या सगळ्याला सरकारकडून शाबासकीचं एक पत्रही आलं नाही, ते सोडा. तिला ते नकोही होतं. तिचं दुखणं एकच होतं, पायऱ्या. शेजारची काकू दोन हंडे घेऊन येताना एकदा घसरली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. तेव्हापासून काकू काठी घेऊन चालते आणि तिचं पाणी वहिनीच आणते. वहिनीचे स्वतःचे गुडघेही कुरकुरायला लागले होते. म्हणून जलसंरक्षण आणि सौरऊर्जेची मोठी योजना आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला. झऱ्याला पक्कं कुंपण, सूर्यावर चालणारा पंप, पाणी थेट गावात, दारोदारी नळ. सरकारचा निधी, गावाला एका पैचा भार नाही.

अर्ज मी भरला. शंभर गुणांचा तक्ता होता. चढ किती, घरं किती, ऊन किती, सगळं लिहिलं. शेवटचा रकाना होता, सध्याचं पाणी किती दूषित. त्याला चाळीस गुण. मी वहिनीच्या वहीतला शब्द प्रामाणिकपणे उतरवला आणि चाळीसपैकी शून्य मिळाले. आमचे एकूण अडतीस झाले, पास व्हायला साठ लागत होते. त्याच यादीत पलीकडच्या गावाचं नाव सगळ्यात वर होतं. त्यांच्या विहिरीत शेळी पडून मेली होती आणि आठवडाभर ती वर काढायला कुणाला सवड झाली नव्हती. त्यांना चाळीसपैकी चाळीस. ज्यांनी पाणी नासवलं त्यांना पाणी वाचवायचे पैसे, आणि जिने वाचवलं तिने पायऱ्या चढायच्या. हा तक्ता कुठल्या थंडगार खोलीत बसून कुणी केला असेल, त्याला एकदा आमच्या पायऱ्यांवर हंडा घेऊन चढवावं असं वाटलं.

दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज मागवले. पाणी समितीच्या अध्यक्षांनी शाळेच्या खोलीत गाव जमवलं. अध्यक्ष म्हणजे गोड बोलून खिशात हात घालणारा माणूस. हात त्यांचा, खिसा तुमचा. त्यांनी आधी वहिनीची तोंड भरून स्तुती केली, तिला हरभऱ्याच्या झाडावर पार शेंड्यापर्यंत नेऊन बसवलं आणि मग मुद्द्यावर आले. या महिन्याची बाटली झऱ्यावर न भरता दुसरीकडे भरायची. नंतर पुन्हा सगळं आहे तसं. कुणाचं काही वाईट होणार नाही, उलट गावाचं भलं होईल.

"एका बाटलीचा तर प्रश्न आहे," ते म्हणाले.

वहिनी उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती, पदराचं टोक तिने मुठीत धरलं होतं. "बाटली खोटं बोलत नाही," ती म्हणाली, "म्हणून तर मी ती हातात धरते."

अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. सगळ्यांचे हात वर गेले. काकूने काठीसकट हात वर केला. दादा खिडकीबाहेर बघत होता, पण त्याचाही हात वर होता. आणि माझा तर सगळ्यात आधी. वहिनी एकटी मुठीत पदर धरून उभी होती.

घरी आल्यावर तिला गळ घालायचं काम माझ्यावर आलं. मी कारकून, कुठला कागद कुठे सरकवला की पुढे जातो हे मला ठाऊक असतं. मी आधी काकूच्या कमरेची गोष्ट काढली. मग तिच्या गुडघ्यांची. ती ऐकेना, भांडी घासत राहिली. मग मी शेवटचा कागद सरकवला. म्हणालो, आई आज असती तर तीही पायऱ्याच चढत असती. वहिनीचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण मला कळलं की काम झालं. आईच्या नावाने मी ते काम करून घेतलं, आणि त्या रात्री मला झोपही छान लागली. या गोष्टीची मला आज सगळ्यात जास्त शिसारी येते.

सकाळी ती अध्यक्षांच्या गोठ्यामागे गेली. तिथे गुरांचा सिमेंटचा हौद आहे. वर हिरवी साय, काठाला शेणाचे ओघळ, पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. मी सोबत होतो. मला वाटलं होतं, ती नाक मुरडून पटकन बाटली बुडवेल आणि मोकळी होईल. तसं तिने केलं नाही. नेहमीसारखे साबणाने हात धुतले. झाकण दोन बोटांत असं धरलं की आतल्या बाजूला बोट लागू नये. श्वास रोखला, बाटली रेघेपर्यंत भरली, झाकण लावलं. घाण पाणी घेतानासुद्धा तिने हाताची घाण त्यात जाऊ दिली नाही. मग उठली, कुंपणापाशी गेली आणि ओकली.

बाटली दोन दिवस थांबलीच नाही, दुसऱ्याच सकाळी काळी झाली. वहिनीने ती फळीवरून उचलली आणि वहीत लिहिलं, झरा, वाईट. तो शब्द लिहिताना पेन दोनदा अडलं. वही मी कचेरीत नेली, अर्जाला जोडली, शिक्का मारला. अठ्ठ्याहत्तर गुण झाले. आमचं गाव यादीत दुसरं आलं.

पेढे वाटावेत तसा आनंद झाला गावाला. मग साहेब आले. योजनेचे अभियंता, वयाने तरुण, बुटांना माती लागू नये म्हणून दगडावरून दगडावर पाय टाकणारे. त्यांनी झरा पाहिला, खडकातून पडणारी निर्मळ धार पाहिली, फोटो काढला आणि सांगितलं की नियमाप्रमाणे दूषित स्रोताला पंप जोडता येत नाही. दूषित स्रोत बंद करायचा आणि पर्यायी स्रोत शोधायचा. नियम चोवीस, पोटनियम दोन. पंप येणार, नळ येणार, सूर्याच्या पाट्या येणार, पण झरा जाणार.

वहिनीने साहेबांना विचारलं, तुम्ही स्वतः एकदा तपासून बघणार नाही का? साहेब म्हणाले, तपासणी झालेली आहे, तुमचीच सही आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हातातले कागद नीट लावत बसलो. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि साहेबांना चहाला नेलं.

चहा पिऊन होईपर्यंत पर्यायी स्रोतही सापडला. अध्यक्षांच्या गोठ्यामागे. कारण म्हणे यंत्राची गाडी तिथपर्यंत जाते. खोदलं, पाणी लागलं, पिवळसर, लोखंडाचा आणि आणखी कसला तरी वास येणारं. त्याच हौदापासून वीस पावलांवर. सूर्याच्या पाट्या गोठ्याच्या छपरावर बसल्या आणि त्यातून निघालेली वीज पंपाच्या आधी गोठ्यातल्या दिव्यांना मिळाली. आमच्या गावात शाश्वत ऊर्जेचा पहिला लाभ गुरांना झाला, यावर तेव्हा लोक हसलेही. मीही हसलो.

झऱ्यावर सिमेंट कालवायचं यंत्र आणलं गेलं. ते न्यायला वाट हवी म्हणून पांढऱ्या दगडांची ओळ मधोमध फोडली. कामगार उतारावरच आडोशाला बसले. झऱ्याच्या तोंडावर जाड झाकण ओतलं, बाजूने पाणी ओढ्यात सोडून दिलं आणि लाल अक्षरांची पाटी उभी केली. हे पाणी पिण्यास अयोग्य आहे. तो सगळा दिवस वहिनी तिथे उभी होती, दारात उभी राहायची तशी, काही न बोलता. पण हे दार तिच्या ओळखीच्या माणसाचं नव्हतं, त्याला लाज वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यानंतर ती अडीच वर्षं खात्याच्या कचेरीत खेटे घालत होती. नळाच्या पाण्याची बाटली दर महिन्याला काळी पडायची, ती नेऊन दाखवायची. तिथे एक बाई टेबलावर पाय ताणून बसलेली असायची. ती म्हणायची, नवीन स्रोत दूषित असूच शकत नाही, बाटल्या जुन्या झाल्या असतील. दुसरा म्हणायचा, साहेब रजेवर आहेत. एका बाकावर तिने इतके तास काढले की तिथला शिपाई तिला घरच्यासारखा चहा द्यायला लागला. शेवटी एकाने तिला खरं सांगितलं. झरा पुन्हा उघडायचा तर एकच मार्ग आहे, पहिला अहवाल खोटा होता असं लेखी द्या.

ती घरी येऊन मला म्हणाली, "भावजी, मी लिहून देणार आहे."

मी हादरलो. कारण अर्ज माझ्या अक्षरात होता, शिक्का माझ्या हातचा. मी तिला समजावलं, धमकावलं, दादाला मध्ये घातलं. म्हणालो, तुझं काम जाईल, गावाकडून निधी परत मागतील, मला घरी बसवतील, मुलांच्या शाळेचं काय. अध्यक्ष येऊन गेले, त्यांनी पाया पडण्याचं नाटक केलं. वहिनीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि रात्रीचं जेवण झाल्यावर ओट्यावरच कागद ठेवून स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं की बाटली मी गुरांच्या हौदात भरली. इतर कुणाचं नाव लिहिलं नाही. माझंही नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि तो तिने ऐकला.

मग खात्याने जे केलं ते बघून माझा माणसांवरचा उरलासुरला विश्वासही गेला. त्यांनी निधी परत मागितला नाही, कारण मग त्यांना सांगावं लागलं असतं की लाखो रुपये देताना एकानेही वाकून पाणी तपासलं नव्हतं. अध्यक्षांना कुणी काही विचारलं नाही. मला विचारलं नाही. कागदावर लिहिलं, तपासणी करणाऱ्या महिलेची चूक, आणि वहिनीला काढून टाकलं. वही आणि उरलेल्या बाटल्या जमा करून घेतल्या. झऱ्याचं पाणी मात्र तपासलं आणि ते उत्तम निघालं. झाकण सरकारी असल्याने खातं ते तोडू शकत नव्हतं, पण साहेब दादाला म्हणाले, कुणी तोडलं तर आम्हाला कळणार नाही. दादाने घण आणून तोडलं. पाटी काढायला वेगळा आदेश लागतो, तो अजून आलेला नाही.

धार पुन्हा पडायला लागली. वहिनीने दगड शोधून आणले, ओळ पुन्हा लावली, उतार साफ केला. एक महिना, दोन महिने. तिला वाटलं, आता बाया खाली येतील. कुणी आलं नाही. तिने समजून घेतलं, पायऱ्या कोण चढेल, दारात नळ आहे. मग दादा आणि ती मिळून डबे भरून वर आणायला लागले आणि पिण्यापुरतं पाणी घरोघरी दारात ठेवायला लागले. फुकट. लोक डबा घ्यायचे, गोड हसायचे आणि आत न्यायचे.

एक दिवस ती रिकामा डबा आणायला काकूकडे गेली तर काकू त्या पाण्याने कुंड्यांतली झाडं शिंपत होती. आणि स्वयंपाकघरात नळाचं पिवळं पाणी फडक्याने गाळून ठेवलेलं. ज्या काकूने चाळीस वर्षं झऱ्याचं पाणी प्यायलं, जिने काठीसकट हात वर केला होता, तीच काकू. वहिनीने विचारलं तर ती ओशाळली, पण मागे हटली नाही.

"अगं, पाटी आहे ना तिथे," काकू म्हणाली. "उगाच का लिहिलं असेल?"

वहिनी म्हणाली, काकू, ती पाटी आपणच लावली. तुमच्यासमोर ठरलं होतं. काकूने मान हलवली. हो, ठरलं होतं खरं, पण त्याच्या आधीही पाण्याला जरा वास यायचा असं तिला आता आठवत होतं. वहिनी इतर घरांतही विचारून आली. सगळीकडे कुणाला तरी काहीतरी आठवत होतं. एकीच्या मुलाचं पोट दुखलं होतं. एकाला पाण्यावर तवंग दिसला होता. जे खोटं गावाने मिळून, हात वर करून रचलं होतं, त्यावर तीन वर्षांत गावाचाच विश्वास बसला होता. घरी येऊन मला हे सांगताना वहिनी रडली नाही. मी मात्र एकेका घराचं नाव घेऊन शिव्या दिल्या. कसली ही माणसं, म्हणालो, यांच्यासाठी कुणी काही करूच नये. मला खरोखर त्या सगळ्यांची किळस आली होती.

वहिनीने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, चला, पाणी भरायला सोबत या, तुमच्या दादांचा खांदा दुखतोय.

मी एकशे बत्तीस पायऱ्या उतरून तिच्यासोबत गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदाच. दगडांच्या ओळीपाशी तिने चपला काढल्या, मीही काढल्या. उतार स्वच्छ होता. तुटलेल्या झाकणाच्या मधून धार पडत होती. पाटी शेजारीच होती, लाल अक्षरं अजून ताजी दिसत होती. वहिनीने सोबत आणलेला पेला विसळला, धारेखाली धरला आणि माझ्या हातात दिला.

मी एवढ्या पायऱ्या उतरून घामाघूम झालो होतो, घसा सुकला होता. पेला तोंडाशी नेला, आणि पिण्याआधी हुंगला.

वहिनीने ते पाहिलं. मी घाईघाईने गटागटा प्यायलो, पाणी थंड आणि चांगलं होतं, तसं मी म्हणालोही. तिने माझ्या हातातून पेला घेतला, तीनदा विसळला आणि स्वतःसाठी भरून घेतला.